स्वतःची आध्यात्मिक वाढ तपासावी कशी, आणि कोणत्या मापाने?

पायवाट (धागालेखक)

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार.

बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला एक प्रश्न येथे मांडत आहे. ख्रिस्ती माणूस म्हणून आपली वाढ होत आहे, थांबली आहे, की आपण उलट मागे सरकत आहोत, हे ज्याचे त्याने कशावरून ओळखावे? मी अनेक वर्षे एक वही ठेवत आलो आहे. कोणता शास्त्रभाग वाचला, प्रार्थनेला बसलो की नाही, उपास केला की नाही, कोणासाठी मध्यस्थीची प्रार्थना केली, याची नोंद तिच्यात असते. त्या वहीतून माझ्या नियमितपणाविषयी पुष्कळ कळते. परंतु देवावरची आणि शेजाऱ्यावरची माझी प्रीती पूर्वीपेक्षा वाढली आहे का, या खऱ्या प्रश्नावर ती काहीच बोलत नाही.

शास्त्राकडे वळावे तर तेथेही दोन वचने एकमेकांसमोर उभी राहतात. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की तुम्ही विश्वासात आहात किंवा नाही याविषयी आपली परीक्षा करा. तोच पौल त्याच मंडळीला (तेथील चर्चला) लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात म्हणतो की मी स्वतःचाही न्यायनिवाडा करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. मग आपण परीक्षा करावी की करू नये? आणि करावी तर कोणत्या मापाने? केवळ वचनांची यादी न देता, आपापल्या अनुभवातून कोणी लिहिले तर मी ऋणी राहीन.

मोहरीचा दाणा

आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे असे मला वाटते. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन, असे आत्म्याचे फळ तेथे सांगितले आहे. यांपैकी बहुतेक गुण एकट्या माणसात दिसूच शकत नाहीत. सहनशीलतेला समोर कोणीतरी सहन करण्याजोगे माणूस लागते आणि सौम्यतेला आपल्यावर रागावलेले माणूस लागते. म्हणून बंद खोलीत बसून वही भरणाऱ्याला या फळाचा पत्ता लागत नाही, यात नवल नाही. आपल्या घरातील माणसांना आणि आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांना विचारावे. आपण वाढलो की नाही हे त्यांना आपल्या आधी कळलेले असते.

करडा रावा

मोहरीताईंशी सहमत आहे. विशेषतः हाताखाली काम करणाऱ्यांचा उल्लेख फार महत्त्वाचा आहे, कारण ज्यांच्यापुढे आपल्याला चांगले दिसण्याची गरज वाटत नाही त्यांच्याशी आपण जसे वागतो तसेच आपण असतो.

अंतर्मुख

पायवाट, आपल्या वहीची कल्पना मुळातच चुकीची आहे असे मला वाटत नाही. तिच्यात काय लिहायचे हा प्रश्न आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिचे पाच टप्पे आहेत. प्रथम मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानायचे, मग स्वतःचे पाप ओळखण्यासाठी कृपा मागायची, त्यानंतर उठल्यापासूनच्या वेळेचा क्रमाने हिशेब घ्यायचा, मग क्षमा मागायची आणि शेवटी देवाच्या कृपेने सुधारण्याचा निश्चय करायचा. यातील दुसरा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपण आपल्याला पाहू शकत नाही ही कबुली तेथे तपासणीच्या आधीच दिलेली असते. 139 व्या स्तोत्राचा कर्ता हेच करतो. मी माझी झडती घेतो असे तो म्हणत नाही. हे देवा, माझी झडती घे, असे तो म्हणतो.

याशिवाय इग्नेशियस यांनी एका विशिष्ट दोषावर लक्ष ठेवण्याची वेगळी पद्धतही दिली आहे. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखायच्या, तो दोष जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या रेघेवर द्यायचे, आणि दिवसाची दिवसाशी व आठवड्याची आठवड्याशी तुलना करायची. ज्या ग्रंथात हे सांगितले आहे त्याला पोप पॉल तिसरे यांनी 1548 साली मान्यता दिली, म्हणजे नोंदी ठेवून तपासणी करण्याची ही वाट चर्चमध्ये शतकानुशतके चालत आलेली आहे. मी स्वतः कठोर बोलण्याच्या सवयीसाठी ही रीत वापरतो. तिचा उपयोग असा झाला की कठोर शब्द बाहेर पडण्याच्या आधी मनात जो ताठा येतो, तो मला ओळखू येऊ लागला.

उंबरठा

क्षमा असावी, परंतु ठिपके मोजणे मला लूकच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात देवापुढे आपल्या धार्मिकतेचा हिशेब मांडणाऱ्या परुश्यासारखे (कर्मठ यहुदी पंथातील माणसासारखे) वाटते. त्याचा हिशेब खोटा नव्हता हे लक्षात घ्यावे. तो आठवड्यातून दोनदा खरोखरच उपास करत होता आणि दशांशही देत होता. नोंद अचूक असूनही तो नीतिमान ठरून घरी गेला नाही.

अंतर्मुख

उंबरठा, फरक आहे. परुश्याने त्याच दाखल्यातील, पापी समजल्या जाणाऱ्या जकातदाराकडे पाहून स्वतःला मोजले, तर इग्नेशियस माणसाला त्याच्या कालच्या दिवसाशी ताडून पाहायला सांगतात. शिवाय येथे सुरुवात आभारांनी होते.

उंबरठा

परुश्याच्या प्रार्थनेची सुरुवातही आभारांनीच होते. ‘हे देवा, मी तुझे आभार मानतो’ हेच तर त्याचे पहिले शब्द आहेत. आणि स्वतःच्या कालच्या दिवसाशी तुलना करूनही गर्व येऊ शकतो. पद्धत वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. कोणतीही पद्धत आपल्याला गर्वापासून वाचवत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

अंतर्मुख

हे म्हणणे मला मान्य आहे.

सहप्रवासी

मी ख्रिस्ती नाही, परंतु हा धागा आस्थेने वाचत आहे. एक शंका आहे, ती अनादराने विचारलेली नाही. तारण कृपेने मिळते, माणसाच्या कर्मांनी मिळत नाही, असे आपण सांगता. मग वाढ मोजण्याची ही तळमळ कशासाठी? जे आधीच दान म्हणून मिळाले आहे, त्याची परीक्षा कोणी का घ्यावी?

दीपस्तंभ

सहप्रवासी, आपण अगदी मर्मावर बोट ठेवले आहे. मी एका मंडळीत पाळक म्हणून सेवा करतो आणि हा प्रश्न मला उपासनेनंतरच्या खासगी बोलण्यात निरनिराळ्या रूपांत ऐकू येतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

देव पापी माणसाला ख्रिस्तामध्ये स्वीकारतो आणि नीतिमान ठरवतो, ही एक गोष्ट. त्या स्वीकारलेल्या माणसाला पवित्र आत्मा आयुष्यभर ख्रिस्तासारखा करत जातो, ही दुसरी गोष्ट. प्रॉटेस्टंट परंपरा पहिलीला नीतिमान ठरवणे आणि दुसरीला पवित्रीकरण म्हणते. कॅथलिक परंपरेत या दोहोंची मांडणी वेगळी आहे, परंतु कृपेशिवाय कोणतीही वाढ नाही हे तीही सांगते. तपासणी दुसऱ्या गोष्टीची करायची असते. घोळ तेव्हा होतो जेव्हा आपण दुसरीच्या मापाने पहिलीविषयी निकाल देऊ लागतो, म्हणजे आज माझी प्रार्थना नीट झाली नाही, तेव्हा देवाने मला स्वीकारलेच नसेल, असे मानू लागतो. स्वीकार आधी आणि वाढ नंतर हा क्रम ज्याच्या मनात पक्का आहे, तोच न घाबरता स्वतःकडे पाहू शकतो. ज्याला नाकारले जाण्याची भीती आहे तो तपासणीत स्वतःला फसवणार, कारण वाईट निष्कर्ष त्याला परवडणारा नसतो.

आता पायवाट यांच्या दोन वचनांविषयी. करिंथ येथील काही लोक पौलाकडून पुरावा मागत होते: ख्रिस्त याच्याद्वारे बोलतो कशावरून? त्याला उत्तर देताना पौल म्हणतो की मला तपासण्याआधी स्वतःला तपासा, येशू ख्रिस्त तुमच्यामध्ये आहे हे तुम्हाला ठाऊक नाही का? म्हणजे हे वाक्य दुसऱ्याची परीक्षा घेण्यात रमलेल्या मंडळीला उद्देशून आहे, आणि ते तिचे लक्ष तिच्यामध्ये असलेल्या ख्रिस्ताकडे वळवते. पहिल्या पत्रातील वाक्याचा संदर्भ वेगळा आहे. तेथे पौल, अपुल्लोस आणि केफा (म्हणजे पेत्र) यांच्यात श्रेष्ठ कोण यावरून गट पडले होते. माझे मन मला दोष देत नाही, तरी तेवढ्यावरून मी निर्दोष ठरत नाही, असे तो तेथे सांगतो. शेवटचा निकाल देण्याचा अधिकार तो नाकारतो. स्वतःकडे पाहणे मात्र नाकारत नाही. माझ्या मते दोन्ही वचने मिळून असे सांगतात की पाहावे, पण न्यायासनावर बसू नये.

प्रॉटेस्टंट शिकवण प्रश्नोत्तरांतून मांडणाऱ्या 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत 114 वा प्रश्न असा आहे की देवाकडे वळलेले लोक आज्ञा पूर्णपणे पाळू शकतात का. उत्तरात म्हटले आहे की अत्यंत पवित्र माणसांमध्येही या आयुष्यात आज्ञापालनाची केवळ लहानशी सुरुवात असते, तरीही ते काही थोड्या नव्हे तर सर्व आज्ञांप्रमाणे जगण्यास मनापासून आरंभ करतात. स्वतःच्या मंदगतीने निराश झालेल्यांना मी हे उत्तर वाचून दाखवतो. ते दिलासा देते, पण झोपू देत नाही.

सहप्रवासी

मनापासून आभार. ‘वाईट निष्कर्ष परवडत नाही म्हणून माणूस स्वतःला फसवतो’ हे वाक्य धर्माच्या सीमेबाहेरही लागू पडते.

करडा रावा

पाळकसाहेबांच्या मुद्द्याला जोडून मापाविषयी लिहितो. अठराव्या शतकात अमेरिकेतील वसाहतींमध्ये मोठी धर्मजागृती झाली. लोक रडत होते, थरथरत होते, आपल्या अनुभवांविषयी भरभरून बोलत होते. यातील खरे कोणते आणि खोटे कोणते, या प्रश्नावर तेथील पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी 1746 साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी बारा गोष्टी अशा सांगितल्या की ज्यांवरून माणसात देवाचे कार्य चालले आहे असेही सिद्ध होत नाही आणि नाही असेही सिद्ध होत नाही. भावनांची तीव्रता, शरीरावर होणारा परिणाम, धर्माविषयी अस्खलितपणे बोलता येणे, वचने आपोआप आठवणे, उपासनेत पुष्कळ वेळ घालवणे आणि स्वतःच्या तारणाविषयी ठाम खात्री वाटणे, हे सारे त्या यादीत आहे. आपण ज्यांना वाढीची चिन्हे समजतो त्यांपैकी किती यात निघून जातात ते पाहावे. त्यानंतर जी खरी चिन्हे त्यांनी दिली त्यांतील शेवटचे आणि सर्वांत प्रमुख आहे ते दीर्घकाळ टिकणारे ख्रिस्ती आचरण.

याच एडवर्ड्स यांनी विशीच्या आसपास, 1722 आणि 1723 या काळात, स्वतःसाठी सत्तर निश्चय लिहून काढले होते आणि ते आठवड्यातून एकदा वाचण्याचा नेम केला होता. पुढे प्रौढ वयात त्या काळाविषयी लिहिताना त्यांनी म्हटले की तेव्हा आपली भिस्त स्वतःच्या बळावर फार होती आणि त्यामुळे पुढे आपले नुकसान झाले. प्रयत्न सोडावा असे त्यांनी सुचवले नाही; तो कोणाच्या बळावर चालला आहे हे पाहायला मात्र त्यांना पुढची अनेक वर्षे लागली.

ओंजळ

एक गंभीर बाजू अद्याप कोणी मांडली नाही. काही माणसांसाठी आत्मपरीक्षण हे औषध नसून दुखणे असते. जे पाप नाही तेही त्यांना पाप वाटते, एकदा क्षमा मागून झाल्यावर ती नीट मागितली गेली की नाही याची शंका येते, आणि मग तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा करावी लागते. माझ्या जवळच्या नात्यातील एका व्यक्तीला हा त्रास होता आणि सर्वजण तिला ‘आणखी प्रार्थना कर’ असेच सांगत होते, ज्यामुळे तो वाढतच गेला.

वर ज्यांच्या पद्धतीचे वर्णन आले त्या इग्नेशियस यांनी स्वतः 1522 च्या सुमारास स्पेनमधील मानरेसा येथे ही यातना भोगली होती. पुनःपुन्हा पापनिवेदन करूनही त्यांच्या मनाला शांती मिळेना आणि जीव द्यावा असे विचारही त्यांना आले. म्हणूनच पुढे त्यांनी अशा अतिशंकी मनासाठी स्वतंत्र सूचना लिहिल्या. मार्टिन ल्यूथर यांचीही मठातील वर्षे अशाच न संपणाऱ्या पापनिवेदनांत गेली. तेव्हा ज्यांचे मन या प्रकारचे आहे त्यांनी ठिपके मोजू नयेत, एका शहाण्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचा शब्द प्रमाण मानावा आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही जावे. आपले मन आपल्याला दोषी ठरवत असले तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो. ते वचन अशा माणसांसाठीच लिहिले आहे असे मला नेहमी वाटते.

मोहरीचा दाणा

ओंजळ, हे लिहिलेत त्याबद्दल धन्यवाद. तपासणीचा एकच डोस सर्वांना लागू करणे अन्यायाचे आहे. निष्काळजी माणसाला जो प्रश्न जागे करतो, तोच घाबरलेल्या माणसाला चिरडून टाकतो.

निःशब्द

पहिल्यांदाच येथे लिहीत आहे. गेला बराच काळ प्रार्थनेत काहीच जाणवत नाही. पूर्वी वचन वाचताना डोळे भरून येत, आता पान उलटले जाते इतकेच. उपासनेला जाणे सोडलेले नाही. ही माझी अधोगती समजावी का?

अंतर्मुख

निःशब्द, आपण लिहिलेत हे फार चांगले केलेत. सोळाव्या शतकातील संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी या अवस्थेला अंधारी रात्र म्हटले, आणि ती रात्र कोणती व साधा थंडपणा कोणता हे ओळखण्यासाठी तीन खुणा सांगितल्या. पहिली अशी की देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातील दुसऱ्या कशातही वाटत नाही. दुसरी अशी की आपण देवाची सेवा करत नाही, मागे चाललो आहोत, याची मनाला सतत टोचणी असते. तिसरी अशी की पूर्वीसारखे विचारांनी आणि कल्पनेने मनन करणे प्रयत्न करूनही जमत नाही. ज्याचा विश्वास खरोखर थंड पडला आहे त्याला ही दुसरी खूण नसते; त्याला फिकीरच नसते. आपण हा प्रश्न विचारलात यावरून आपल्याला फिकीर आहे हे दिसते.

मदर तेरेसा यांची खासगी पत्रे 2007 साली प्रसिद्ध झाली तेव्हा अनेकांना धक्का बसला होता. सेवेच्या आरंभीच्या काळापासून पुढे दशकानुदशके त्यांना देवाच्या सान्निध्याची जाणीव जवळजवळ होत नव्हती, आणि त्या सर्व काळात त्यांची सेवा चालू होती. जाणिवेवरून वाढ मोजली असती तर त्यांच्या आयुष्याचा बहुतेक भाग शून्य भरला असता.

ओंजळ

अंतर्मुख यांच्याशी सहमत आहे, मात्र पहिल्या खुणेबाबत सावध राहावे. कशातच गोडी न वाटणे हे नैराश्याच्या आजाराचेही लक्षण असते आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी असू शकतात. निःशब्द, झोप आणि भूक यांवर परिणाम झाला असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांना अवश्य भेटा. त्यात विश्वासाची उणीव नाही.

दीपस्तंभ

आणि अशा काळात स्वतःविषयी कोणताही मोठा निर्णय घेऊ नका. मन उदास आणि कोरडे असताना आधीचे चांगले निश्चय बदलू नयेत हा इग्नेशियस यांचाच नियम आहे. मंडळी सोडावी, सेवा सोडावी, मी ख्रिस्ती उरलोच नाही असे जाहीर करावे, हे विचार आले तर त्यांना येऊ द्या, पण त्यांच्या मागे जाऊ नका. उपासनेला येत राहिलात हीच आजची प्रार्थना समजा. निरोप पाठवलात तर मी बोलायला केव्हाही तयार आहे.

निःशब्द

सर्वांचे आभार. दीपस्तंभ, आपल्याला निरोप पाठवला आहे.

संध्यास्वर

मला माझ्या आईविषयी सांगायचे आहे. आयुष्यभर तिचा शास्त्रपाठ आणि प्रार्थना नियमित होती. शेवटच्या काळात दृष्टी गेली, मग स्मृतीही गेली. वाचन थांबले, उपासनेला जाणे थांबले, प्रभूची प्रार्थना म्हणताना ती मध्येच अडखळू लागली. पायवाट यांच्या वहीत तिच्या नावापुढे काहीही लिहिता आले नसते. परंतु तिची शुश्रूषा करणाऱ्या बाई मला म्हणाल्या होत्या की अंग पुसताना दुखले तरी ही माऊली आधी माझा हात कुरवाळते. जे आयुष्यभर मुरले होते ते आठवणीच्याही खाली जाऊन बसले होते असे मला वाटते. म्हणून मी साधनांना कमी लेखत नाही. त्या साधनांनीच ती तशी घडली. पण वाढ कोठे साठते हे मला तिच्या अंथरुणाशी कळले.

उंबरठा

संध्यास्वर, हे वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही.

कवडसा

साधने आणि वाढ यांच्या संबंधावर एक माहिती देतो. अमेरिकेतील विलो क्रीक या फार मोठ्या मंडळीने आपल्या सभासदांची पाहणी करून तिचे निष्कर्ष 2007 साली प्रसिद्ध केले. मंडळीच्या कार्यक्रमांत माणसाचा सहभाग जितका जास्त तितकी त्याची देवावरील आणि इतरांवरील प्रीती जास्त, असे गृहीत धरून सारी योजना आखलेली होती. पाहणीतून मात्र सहभाग वाढल्याने ती प्रीती वाढते असे दिसले नाही. उलट स्वतः शास्त्रावर मनन करण्याची सवय वाढीला सर्वाधिक पोषक ठरते असे पुढे त्यांच्या ध्यानात आले. एवढ्या मोठ्या मंडळीने हा निष्कर्ष उघडपणे मांडला याचे मला कौतुक वाटते.

करडा रावा

कौतुक मलाही आहे. पण ज्या पाहणीत माणसे आपल्या प्रीतीविषयी स्वतःच उत्तरे लिहितात, तिच्यात या धाग्याची मूळ अडचण जशीच्या तशी उरते. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया येथील मंडळी म्हणते की मी श्रीमंत आहे, मला कशाची उणीव नाही, आणि प्रभू तिला सांगतो की तू दरिद्री, आंधळी व उघडी आहेस. त्याआधीच्या अध्यायात स्मुर्णा येथील मंडळीला तो म्हणतो की तुझे दारिद्र्य मला ठाऊक आहे, तरी तू धनवान आहेस. दोन्ही मंडळ्यांना प्रश्नावली दिली असती तर निकाल उलटे आले असते. इफिस येथील मंडळीची तर श्रमांची, धीराची आणि खोट्या प्रेषितांना ओळखण्याची नोंद प्रभू स्वतःच वाचून दाखवतो, आणि मग म्हणतो की तू आपली पहिली प्रीती सोडली आहेस. पायवाट, मला तर इफिसची मंडळी म्हणजे आपल्या वहीचाच प्रश्न वाटतो.

कवडसा

मुद्दा मान्य आहे. मग बाहेरून पाहणारे डोळे हवेत हाच मार्ग उरतो. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी 1738 साली लहान गटांसाठी जे नियम लिहिले, त्यांत प्रत्येक भेटीत विचारायचे प्रश्न ठरवून दिले होते. मागच्या भेटीनंतर कोणते पाप जाणूनबुजून घडले, कोणते मोह आले, त्यांतून सुटका कशी झाली, आणि जे पाप आहे की नाही याची शंका वाटते असे काही विचारात, बोलण्यात किंवा कृतीत आले का? आपली पातके एकमेकांजवळ कबूल करा, या याकोबाच्या वचनावर ती रचना उभी होती.

वळचण

अशा गटांविषयी माझा अनुभव कडू आहे, म्हणून सांगणे भाग आहे. मी ज्या गटात होते तेथे विश्वासाने सांगितलेली एका बहिणीची गोष्ट प्रार्थनेचा विषय म्हणून सर्वत्र पसरली आणि शेवटी तिला ती संगती सोडावी लागली. दुसऱ्याच्या वाढीची तपासणी करण्याचा अधिकार हातात आला की काही माणसे त्याचा उपयोग सत्तेसारखा करतात. गट हवा, पण तो लहान असावा, त्यात सर्वांनी सारखेच उघडे व्हावे आणि कोणी एकाने केवळ प्रश्न विचारणारा बनून राहू नये.

दीपस्तंभ

वळचणताई, आपण सांगितलेली अट वेस्लींच्या नियमांतही आहे. त्या गटांत कोणीतरी एकाने आधी स्वतःच्या जिवाची स्थिती सांगायची आणि मगच इतरांना विचारायचे, असा क्रम होता. तो क्रम जेथे पाळला जात नाही तेथे गट बंद केलेला बरा.

पायवाट (धागालेखक)

इतक्या मनापासून दिलेल्या उत्तरांबद्दल सर्वांचा ऋणी आहे. सर्व प्रतिसाद दोनदा वाचले. माझ्या मूळ प्रश्नाकडे परत येताना एवढे सांगू शकतो की आपली वाढ किती झाली हे सांगणारा आकडा मला मिळणार नाही, हे आता मला पटले आहे. मार्कच्या चौथ्या अध्यायात पेरणारा रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसे वाढते हे त्याला कळत नाही. तरीही दाणा तयार झाला की तो विळा घालतो, म्हणजे परिपक्वता आल्यावर त्याला ओळखता येते. वाढ होत असताना दिसत नाही पण झाल्यावर दिसते, असे असेल तर रोज मोजण्याचा माझा आग्रह अवेळी आहे.

वही मात्र मी सोडणार नाही. तिच्यात अध्यायांऐवजी माणसांची नावे लिहिण्याचा विचार आहे: आज कोणाशी सौम्यपणे वागता आले, कोणाला क्षमा करणे राहिले, कोणाचे म्हणणे पूर्ण ऐकले नाही. पाळकसाहेब, अशी वही दररोज वाचावी की बऱ्याच अंतराने? आणि ती आपल्या आध्यात्मिक मित्राला दाखवावी का?

दीपस्तंभ

रोज लिहावी, पण मागे वळून वाचणे प्रभुभोजनाच्या तयारीशी जोडावे असे मी सुचवेन, कारण माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे असे पौलाने सांगितले आहे. तेथे परीक्षेच्या शेवटी मेज मांडलेले असते. दाखवण्याविषयी सांगायचे तर त्यात इतरांची नावे आहेत, म्हणून वही दाखवू नये, स्वतःविषयीचे तेवढे तोंडी सांगावे. ‘क्षमा करणे राहिले’ या सदरात एखादे नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर ते सांगण्याआधी त्या माणसाकडे जावे.

मोहरीचा दाणा

आणि त्या नावांत घरातील एकही नाव नसेल, तर वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी.

पायवाट (धागालेखक)

दोन्ही सूचना वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतल्या आहेत. त्या सदरातले पहिले नाव माझ्या थोरल्या भावाचे आहे; या रविवारी उपासनेनंतर त्याच्याकडे जात आहे. प्रार्थनेत आठवण ठेवावी.